वाट विचारा : हजरच्या डोंगरात, गाडीने आणि पायी

मागच्या अंकात ओमानच्या हजर पर्वतावर दोन पानं लिहिली, त्यानंतर संपादकांकडून जाडजूड पाकीट आलं. उघडलं तर पत्रंच पत्रं, आणि त्यातली निम्मी गाडीबद्दल. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. काही पत्रं निवडली आहेत, काहींना दोन ओळीत उरकलं आहे, त्यांनी रागावू नये.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी १९ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. एक्केचाळिसाव्या वर्षी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, चालवायला शिकले आणि २०२० साली निवृत्त होऊन चिपळूणला परत आले. मी गिर्यारोहक वगैरे नाही. आठवड्याची सुट्टी, एक जुनी पजेरो आणि डब्यात दशम्या-चटणी, एवढंच आमचं भांडवल होतं.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये मस्कतला नोकरीवर रुजू होतोय. सह्याद्रीत दहा वर्षं भटकलोय, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट दोनदा केली आहे. जबल शम्स कितपत अवघड? बरोबर काय न्यावं? (एक वाचक, नाशिक)

नळीची वाट दोनदा केलीत म्हणजे गुडघे शाबूत आहेत, असं धरून चालते. तरीही तुम्ही पहिल्या दिवशी चुकणार, आणि चुकणार ते पाण्यात. आपल्याला सह्याद्रीने एक लाड लावून ठेवलाय. वर गेलं की कुठेतरी टाकं असणार, निदान वाटेत एखादी वाडी आणि वाडीत हंडा असणार. हजरमध्ये तसं काही गृहीत धरायचं नाही. गाडीत माणशी दिवसाला पाच लिटर पाणी ठेवायचं आणि पाठीवर निदान तीन लिटर घेऊनच पाय उचलायचा. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले की मग कळतं.

शिखराचा हट्ट पहिल्याच महिन्यात धरू नका. उत्तर शिखरावर लष्कराचं ठाणं आहे, तिथे जाता येत नाही. चालत जाता येतं ते दक्षिण शिखर, २,९९७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. त्या वाटेला जाऊन-येऊन पूर्ण दिवस जातो, आणि हिवाळ्यात वर रात्री पारा शून्याखालीही उतरतो. वाळवंट म्हणून नुसते टी-शर्ट नेणारे पुष्कळ बघितलेत मी.

आधी अल-खितयमहून निघणारी कड्याच्या पोटातली वाट करा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला वादी नखर (वादी म्हणजे कोरड्या नदीची घळ), आणि तिचा तळ जवळजवळ हजार मीटर खाली. मजा म्हणजे इथे सगळं उलटं आहे. गाडी तुम्हाला माथ्यावर नेऊन सोडते आणि ट्रेक सुरू होतो तो उतरणीने. येताना उन्हात चढ लागतो, हे जाताना लक्षात राहत नाही. वाट धोपट आहे, दगडांवर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणा रंगवलेल्या आहेत, दीड-दोन तासांत अस-साब या ओसाड गावात पोचता.

त्या गावात घाई करू नका. वर कातळाचं छत पुढे आलंय आणि त्याच्या सावलीत दगडांची घरं. खाली पायऱ्यापायऱ्यांची वावरं, अगदी आपल्या कोकणातल्या मळ्यांसारखी, दगडी बांध घातलेली. गावाच्या वरच्या अंगाला कड्याच्या कपारीत पाणी झिरपतं, त्याच्यावर हे सगळं. मी तिथे बांध मोजत बसले होते. सगळ्यात खालचा बांध जिथे संपतो तिथून पुढेही सपाट जमीन होती, उतार होता, माती होती. पण वरून येणारं पाणी तेवढ्यालाच पुरत असणार. डोंगरातली गावं जमिनीवर नाही, पाण्याच्या मापावर आखलेली असतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे कुठेही गेले तरी आधी पाणी कुठून येतंय ते शोधायची खोड लागली.

बुटांबद्दल. आपला काळा कातळ पावसाळ्यात शेवाळतो, पण कोरडा असेल तर बूट धरून ठेवतो. जबल शम्सचा दगड चुनखडीचा. पावसाने तो विरघळत विरघळत करवतीसारखा झालाय. आधाराला हात टेकला की तळहात सोलवटतो. बागकामाचे जाड हातमोजे न्या, लोक हसले तर हसू द्या. उलट वादीच्या तळातला तोच दगड पाण्याने घासून असा गुळगुळीत झालेला असतो की त्यावर पाय ठरत नाही.

आणि शेळ्या. पठारावर मोकाट फिरतात, भित्र्या अजिबात नाहीत. माझं थालीपीठ, त्याखालचा कागद आणि सॅकचा पट्टा, या क्रमाने एकीने खाल्लंय.

प्रश्न : यजमानांनी नवी फोर बाय फोर घेतली आहे. डिसेंबरमध्ये दुबईहून ओमानला जाऊन वादी बनी औफचा रस्ता करायचा म्हणतात. बरोबर दोन मुलं (९ आणि १२) आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. मला उंचीची भीती वाटते. जावं का? (एक वाचक, दुबई)

सासूबाईंना विचारलंत का? तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, त्यांचं नाही.

जावं. पण तुमच्या यजमानांना मी जे सांगणार आहे ते त्यांना वाचून दाखवा, गाडीची किल्ली हातात घेण्याआधी.

हा रस्ता अल-हमराकडून डांबरी घाटाने शरफ अल-अलमैन खिंडीवर चढतो, साधारण दोन हजार मीटर. तिथे सगळे फोटो काढतात. मग पलीकडच्या अंगाला तो हट, बिलाद सैत अशी गावं घेत खाली रुस्ताककडच्या सपाटीवर उतरतो. मी गेले तेव्हा खिंडीपलीकडे सगळा कच्चा होता, एका गाडीपुरता, खडीचा. निघण्याआधी अल-हमरामध्ये पेट्रोल भरताना रस्ता आज कसा आहे ते विचारा, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

आम्ही पहिल्यांदा गेलो तो नोव्हेंबर. मी चालवत होते, गाडी ऑटोमॅटिक, गिअर 'डी'वर, आणि उजवा पाय ब्रेकवर. मुंबई-गोवा रस्त्यावर परशुराम घाट जसा उतरते तशीच उतरत होते. वीसेक मिनिटांनी वास आला. आधी वाटलं मागे मुलाने काही जाळलं. मग ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. लोण्यात पाय घातल्यासारखं. हँडब्रेक ओढून, डोंगराच्या बाजूला टेकवून कशीबशी गाडी थांबवली, आमच्या घरातल्यांनी चाकाखाली धोंडा लावला. चाकांतून धूर येत होता. त्यांनी पाण्याचा कॅन उचलला ओतायला, तेवढ्यात वरून गाढवावर चारा घेऊन येणारे एक म्हातारबाबा ओरडत धावले. कॅन हातातून काढूनच घेतला. तापलेल्या ब्रेकच्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते, प्रसंगी तडकते, हे मी वर्गात शिकवत होते बरं का, काचेच्या ग्लासाचं उदाहरण देऊन! बाबांनी खिशातून खजूर काढले, सावलीत बसवलं आणि तोडक्या हिंदीत सांगितलं, 'गाडी को भी बैठने दो.' तासभर बसलो.

त्या तासात मी वहीच्या मागे गणित केलं, ते तुम्हालाही देते. माणसांसकट दोन टनांची गाडी हजार मीटर खाली उतरली की जवळजवळ दोन कोटी जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या उष्णतेत साठेक लिटर पाणी उकळीला येतं, म्हणजे आंघोळीच्या तीन बादल्या. हे सगळं चार डिस्कमध्ये कोंबत होते मी. इंजिनाला हे काम दिलं तर ते आनंदाने करतं, कारण त्याला उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर आहे. म्हणून उतारावर लो रेंज (फोर बाय फोरमधले जादा मंद गिअर) लावायची, पहिला किंवा दुसरा गिअर, पाय ब्रेकवरून काढायचा. इंजिन घुरघुरतं, घाबरायला होतं, पण गाडी चालत्या माणसाच्या वेगाने उतरते. ब्रेक अधूनमधून, टेकवून सोडायचा.

जबल अखदरचा रस्ता तर चांगला रुंद डांबरी आहे. तरी बिरकत अल-मौझच्या चौकीवर पोलीस फोर बाय फोर नसलेली गाडी परत पाठवतात. लोक वाद घालतात, रस्ता एवढा छान मग कशाला? कारण हेच, उतार. हजार मीटरहून जास्त, सलग.

यजमानांना आणखी एक विचारा, नवी गाडी कायम चारही चाकं चालवणारी आहे की बटणाने लावायची? बटणाची असेल तर डांबरावर ते बटण लावून ठेवायचं नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. खडीवर चाक थोडं घसरून तो हिशेब मिटवतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते आणि सगळा पीळ यंत्रात भरतो. कच्चा रस्ता सुरू झाला की लावा, टायरची हवा ३५ वरून २६-२७ वर आणा म्हणजे टायर दगडावर आदळत नाही, बसतो. कच्च्या रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, त्यावर मणक्यालाही फरक कळतो. परत डांबरावर आलात की हवा भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला वाट द्यायची, हे आपल्या घाटातलंच. फक्त इथे ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे तो मागे जातो, हुद्दा-मान बघत बसत नाहीत. तुम्हाला उंचीची भीती वाटते ना? मग तुमचं काम ठरलं. अशा जागी खाली उतरायचं, डोंगराच्या बाजूला उभं राहून हाताने खूण करायची. मला भीती वाटायची तेव्हा हेच काम मागून घेतलं होतं. पाय जमिनीवर असले की भीती निम्मी होते, आणि मागच्या चाकाला किती जागा उरलीय ते बाहेरून कुणीतरी सांगावंच लागतं.

दोन गाड्या असतील तरच जा. नाहीतर निझवा किंवा अल-हमराहून तिथलाच माणूस गाडीसकट घ्या. आणि खालून, म्हणजे अल-अवाबीच्या बाजूने चढत जाता आलं तर उत्तम, चढताना गुरुत्वाकर्षण ब्रेकचं काम फुकट करतं.

सासूबाईंसाठी अल-हमराजवळचं मिस्फात अल-अब्रियीन गाव. तिथवर डांबरी रस्ता आहे. गल्ल्यांत पायऱ्या आहेत, पण हळूहळू जमतात. खजुराच्या सावलीतून फलज वाहतो. फलज म्हणजे आपला पाटच, पण पंप नाही, काही नाही, डोंगरातून नुसत्या उताराने आणलेलं पाणी. ओमानात असे तीन हजारांच्या आसपास पाट आजही चालू आहेत, त्यातले पाच २००६ साली जागतिक वारसा यादीत गेले. पाणी जमिनीच्या नाही, वेळेच्या मापाने वाटतात. अर्ध्या तासाच्या पाळीला अथर म्हणतात. तुमच्या सासूबाई शेतकरी घरातल्या असतील तर त्या तिथे दोन तास बसतील आणि तुम्हालाच समजावून सांगतील. विम्यात ओमान आहे का, तेवढं सीमेवर जायच्या आधी बघा.

प्रश्न : मुलगा मस्कतला आहे, दर सुट्टीला मित्रांबरोबर डोंगरात जातो. टीव्हीवर ओमानच्या पुराच्या बातम्या बघून जीव खालीवर होतो. वाळवंटात पूर येतोच कसा? (एक आई, सांगली)

ताई, तुम्ही कृष्णाकाठच्या, मी वाशिष्ठीकाठची. २०२१ च्या जुलैत आमच्या चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा मी माळ्यावर होते. पण आपल्या नद्यांना पूर चढायला तास लागतात, पायरी बुडाली, उंबरा बुडाला असं मोजता येतं. वादीला मिनिटं पुरतात.

वादी म्हणजे कोरडी नदी. डोंगर उघडेबोडके, माती नाही, गवत नाही, झाड क्वचित. पावसाचा थेंब पडला की मुरायला जागाच नाही, सगळा सरळ घळीत. वरच्या दहा घळी एका वादीत येतात. तुमचा मुलगा बसलाय तिथे निळं आभाळ असतं आणि पाऊस पडलेला असतो तीस-चाळीस किलोमीटर आत, डोंगरापलीकडे. आधी वारा गार लागतो, मग दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतो, मग लाल-तपकिरी पाणी, पुढे काटक्या, फांद्या, प्लास्टिक ढकलत.

मी मुलांना सहलीला नेलं की पहिला खेळ हाच घ्यायचे, वादीत उतरल्यावर वर बघा आणि कचरा शोधा. बाभळीच्या फांद्यांत वाळलेली झावळी, चिंध्या, गवताचे पुंजके अडकलेले दिसतात. ते वाऱ्याने नाही, पाण्याने ठेवलेले असतात. एकदा सातवीतल्या एका मुलीने बोट दाखवलं ते माझ्या डोक्याच्या हातभर वर. त्याच झाडाखाली आम्ही डबे उघडले होते. गुपचूप उचलले आणि वरच्या दरडीवर जाऊन जेवलो.

गाडीचं गणित साधं आहे. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी सरकते, दोन फूट असलं तर बहुतेक गाड्या वाहून जातात, फोर बाय फोरसुद्धा. चाकं चार फिरतात म्हणून गाडी जड होत नाही. रस्ता वादी ओलांडतो तिथे पाण्याची उंची दाखवणारे रंगवलेले खांब असतात, ते बघायचे आणि थांबायचं. वाहत्या वादीत गाडी घालणं ओमानात गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. एप्रिल २०२४ मध्ये समद अल-शान भागात शाळेची मुलं असलेली गाडी पाण्यात गेली. ती बातमी मी पूर्ण वाचू शकले नाही.

पाणी उतरायला बहुधा काही तासच लागतात. मुलाला एवढंच सांगा की अडकलास तर तिथेच बस, रविवारी ऑफिस बुडालं तर बुडू दे. त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. निघताना कुठल्या वादीत जाणार ते मागे राहणाऱ्याला लिहून द्यायचं, आणि आपत्कालीन पोलिसांचा ९९९९ नंबर पाठ हवा. रोज फोन कर म्हणून मागे लागू नका, डोंगरात रेंज नसते आणि तुमचाच जीव जाईल.

जाता जाता, २००७ च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं तेव्हा मस्कतच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या आणि घरात नळाला कित्येक दिवस थेंब नव्हता. शहराला समुद्राचं पाणी गोडं करून मिळतं, ती यंत्रणाच बंद पडली. पुराच्या मधोमध बसून आम्ही बाटलीबंद पाण्याने वरण-भात केला.

प्रश्न : मागच्या लेखात समाइलच्या काळ्या डोंगरांना तुम्ही 'आपल्यासारखाच बसाल्ट' म्हटलंत. हे चूक आहे. (निवृत्त प्राध्यापक, भूशास्त्र, पुणे)

कान पकडते, सर. भौतिकशास्त्राच्या बाईने दुसऱ्याच्या पिरियडला जाऊन फळा वापरला की असं होतं.

वाचकांसाठी दुरुस्ती करते. आपला सह्याद्री ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. समाइलचे काळे-तपकिरी डोंगर म्हणजे समुद्राचा तळ आणि त्याखालचं प्रावरण (पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर), साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचं. जमिनीखाली जायच्या ऐवजी ते अरबी भूखंडाच्या अंगावर चढून बसलं. काही ठिकाणी त्यात बसाल्टही आहे, उशांसारखे गोल गोल गठ्ठे, समुद्रात थंड झालेले. पण मी ज्याबद्दल लिहिलं होतं तो मोठा भाग पेरिडोटाइट नावाच्या खडकाचा. जो खडक इतरत्र बघायला किलोमीटर-किलोमीटर खोल जावं लागेल, तो इथे पेट्रोल पंपाच्या मागे उभा असतो.

आता माझी बाजू. दगड ओळखला नाही, पण त्याचं पाणी मी ओळखलं होतं. नखलच्या पुढे वादी अबयद आहे, अबयद म्हणजे पांढरी. थोडं गाडीने, थोडं पाण्यातून पायी गेलं की काही डोह लागतात, दुधाळ निळे, आणि काठाला सगळं पांढरं फटक. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं वर कुठेतरी कारखाना आहे. पुढच्या वेळी शाळेच्या प्रयोगशाळेतून पीएच कागद घेऊन गेले. बुडवला, जांभळा झाला. पट्टीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे. पीएच अकराच्या वर असतं तिथे, म्हणजे पाणी कडक अल्क.

पेरिडोटाइटमध्ये पाणी मुरतं, आत खडकाशी त्याची देवाणघेवाण होते आणि ते कॅल्शियम घेऊन वर येतं. वर आल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि पांढरा चुनखडीचा पापुद्रा धरतो. आठवीला आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारतो आणि ती पांढरी होते, तोच प्रयोग, फक्त इथे फुंकर मारायला वारा. डोहाच्या ज्या कोपऱ्यात पाणी हलत नव्हतं तिथे तापवून ठेवलेल्या दुधासारखी साय धरली होती. बोटाने दाबली तर मऊ नाही, करकर मोडली आणि तुकडे तळाला गेले. तळाला असेच आधीचे तुकडे पडलेले होते, थरावर थर. हवेतला वायू दगडात बंद करायला हा खडक वापरता येईल का, याचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ ओमानात येतात. आमच्या दहावीच्या पोरांनी तिथे उन्हात उभं राहून समीकरण संतुलित केलं, हा माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास.

त्या पाण्यात पोहू मात्र नये. डोळे चुरचुरतात.

प्रश्न : ओमानच्या डोंगरातल्या एका रानबकऱ्याला 'जयकर' नाव आहे असं ऐकलं. हे जयकर आपल्यातलेच का? तुम्ही तो बघितलात का? (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

होय, तेच. डॉ. आत्माराम सदाशिव जयकर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ते मस्कतला ब्रिटिश एजन्सीचे सर्जन होते. दवाखाना सांभाळून मासे, साप, सरडे, काय मिळेल ते गोळा करून लंडनच्या संग्रहालयाला पाठवत. त्यात हा रानबकरा, म्हणजे ताहर, होता. १८९४ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी तो शास्त्रात नोंदवला आणि नाव दिलं ते जयकरांचं. आपल्याकडच्या निलगिरी ताहरचा हा लांबचा, अंगाने लहान भाऊबंद. हजर सोडून जगात कुठे नाही. वाळूत डोळे तेवढे वर ठेवून बसणारा एक बोआ साप, एक मोठा सरडा आणि एक समुद्रघोडा यांनाही जयकरांचंच नाव आहे. त्यांनी ओमानी म्हणीसुद्धा जमवून छापल्या. मला राहून राहून वाटतं, तेव्हा डोंगरात जायला गाडी नव्हती, उन्हाळ्यात पंखा नव्हता, आणि हा माणूस म्हणी लिहून घेत बसला होता.

ताहर मी बघितला नाही. १९ वर्षांत एकदाही नाही. उन्हाळ्यात त्याला दर दोन-तीन दिवसांनी पाण्यावर यावं लागतं म्हणून एका झऱ्यासमोर पहाटे चार तास बसले होते. गाढवं आली. सरडा मात्र बघितलाय, वादीच्या दगडावर, हातभर लांब. मी 'नमस्कार डॉक्टर' म्हटलं आणि तो कपारीत गेला.

थोडक्यात

*जूनमध्ये मुलांना सुट्टी असते, तेव्हा जावं का? (ठाणे)* नाही. २६ जून २०१८ ला किनाऱ्यावरच्या कुरयातमध्ये अख्ख्या चोवीस तासांत पारा ४२.६ च्या खाली उतरलाच नाही. ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलमध्ये जबल अखदरला गुलाब असतात, तेवढा अपवाद.

*वादीतल्या डोहांत पोहताना बायकांनी काय घालावं? (औरंगाबादची मैत्रीण)* पूर्ण बाह्या, पूर्ण विजार. गावाच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरायचं नाही, तेच पाणी ते पितात. बायकांचे फोटो काढायचे नाहीत.

*एक स्टेपनी पुरते का? (सोहार)* वादी सहतनमध्ये आमचा टायर बाजूने चिरला. बाजूची चीर शिवता येत नाही, तळाला खिळा गेला असता तर गोष्ट वेगळी. स्टेपनी लावली. पंचवीस मिनिटांत दुसरा चिरला. ऊन उतरत होतं. तेवढ्यात मागून एक ओमानी गृहस्थ आले, त्यांची गाडीही आमच्यासारखीच, पण आणखी जुनी. उतरले, बघितलं, काही न विचारता स्वतःची स्टेपनी काढून आमच्या चाकाला बसवली. पैसे घेईनात. फोन नंबर मागितला तर म्हणाले, कशाला? रुस्ताकच्या पंपाशेजारी टायरवाला आहे, तिथे ठेवा, मी कधीतरी घेईन.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा टायर धुऊन, हवा भरून तिथे नेऊन ठेवला. टायरवाल्याने बघितलंही नाही, कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे असे आणखी दोन टायर उभे करून ठेवलेले होते.